माजघरातला दिवा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेला आरंभ केला, तेव्हापासून या दिवसांत गावोगावी जी व्याख्याने होतात त्यांचे विषय बहुधा मोठे असतात. कोणी राज्यकारभारावर बोलतो, कोणी धर्मावर, कोणी साहित्यावर. माझा विषय त्या मानाने अगदीच किरकोळ आहे. घरातला दिवा लागत नसेल तर काय करावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा मलाच संकोच वाटला. परंतु मी मनाशी म्हटले की, या मंडपातील प्रत्येक श्रोता रात्री घरी जाऊन काळोखात एक बटण दाबणार आहे. त्या बटणामागे काय चालते हे त्याला ठाऊक नसेल, तर ते सांगण्यात कमीपणा कसला? शिवाय या विषयाशी माझ्या घरातील एक जुना अपराध जोडलेला आहे. तो सांगितल्यावाचून मला हे व्याख्यान पुरे करता येणार नाही.

आपले हे गाव भीमेच्या काठचे. १९०८ साली हुतात्मा राजगुरूंचा येथे जन्म झाला, तेव्हा याचे नाव खेड होते आणि घरोघरी समया नि कंदील होते. मुंबईस क्रॉफर्ड मार्केटात १८८२ साली विजेचे दिवे लागले, १९१५ साली खोपोलीस डोंगरावरून पडणाऱ्या पाण्याची वीज होऊन मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, १९६० साली राज्याचे वीज मंडळ स्थापन झाले, १९६२ साली कोयनेची वीज आली आणि हळूहळू तारा खेड्यापाड्यांत पोहोचल्या. ही वीज आमच्या गावातील वाड्यांत शिरली ती पाहुण्यासारखी. वाडे तिच्यासाठी बांधलेले नव्हते. कडीपाटाच्या छताखाली, सागवानी तुळयांच्या कडेने, लाकडी पट्टीच्या खोबणीत सुती वेष्टणाच्या तारा बसविल्या गेल्या आणि माजघराच्या मध्यभागी, झोपाळ्याच्या वर, एक पितळी होल्डर लोंबू लागला.

माझ्या मामांच्या वाड्यात असाच एक दिवा होता. तो मधूनच विझे आणि आपणहूनच पुन्हा लागे. मामी म्हणत, "दिव्यालासुद्धा लहर लागते." बल्ब तीन वेळा बदलून झाला होता. अखेर श्रावणातल्या एका संध्याकाळी मामा वैतागले. त्यांनी बटण बंद केले आणि लोखंडी घडीची खुर्ची घेऊन ते तिच्यावर अनवाणी चढले. शहाबादी फरशी नुकतीच पुसलेली, ओली. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, मेन बंद करा की आधी!" मामा म्हणाले, "बटण बंद केलंय ना!" त्यांनी बल्ब काढला आणि होल्डरच्या आतील पिन दबून बसली आहे की काय, हे पाहण्यासाठी बोट आत घातले. पुढच्या क्षणी ते जमिनीवर होते. मनगट मोडले, एवढ्यावर निभावले. विजेने त्यांना फेकून दिले म्हणून ते वाचले. धरून ठेवले असते, तर आज ही गोष्ट मी येथे सांगू शकलो नसतो.

आता प्रश्न असा की, बटण बंद असताना होल्डरमध्ये वीज आली कोठून? याचे उत्तर देण्यासाठी थोडे शास्त्र सांगावे लागेल. ते अवघड नाही.

आपल्यापैकी वयस्क मंडळींनी विहिरीवरचा रहाट पाहिला असेल. गाडग्यांची एक अखंड माळ चाकावरून फिरत असते. एका बाजूने भरलेली गाडगी वर येतात, पाणी पन्हळीत ओततात आणि दुसऱ्या बाजूने रिकामी होऊन खाली जातात. विजेच्या दिव्याला दोन तारा लागतात त्या याचसाठी. एका तारेने वीज दिव्यापर्यंत येते, तिला फेज म्हणतात. दुसरीने ती परत जाते, तिला न्यूट्रल म्हणतात. हा दृष्टांत फार ताणू नये, कारण आपल्या घरातील विजेची माळ एकाच दिशेने फिरत नाही, ती सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. तरी दोन गोष्टी या रहाटावरून नीट समजतात. पहिली ही की, माळ कोठेही तुटली तरी सगळा रहाट थांबतो. म्हणून दिवा लागत नाही याचा अर्थ दिवाच बिघडला असा होत नाही. खांबापासून दिव्यापर्यंत आणि तेथून परत खांबापर्यंत ही माळ कोठेही तुटलेली असू शकते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रहाट थांबविण्यासाठी आपण भरलेल्या गाडग्यांची बाजू धरू शकतो किंवा रिकाम्या गाडग्यांची. दोन्ही प्रकारे पाणी पडावयाचे थांबते. पण रिकामी बाजू धरली, तर भरलेली गाडगी डोक्यावर तशीच लोंबत राहतात. बटणाचेही तसेच आहे. बटण फेजच्या तारेत बसविले, तर ते बंद केल्यावर होल्डरपर्यंत वीज पोहोचतच नाही. ते न्यूट्रलमध्ये बसविले, तरी दिवा लागतो आणि विझतो अगदी तसाच, परंतु विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये २३० व्होल्टचा दाब तसाच उभा असतो. आपले बोट तेथे लागले आणि पाय ओल्या जमिनीवर असले, की माळ आपल्या शरीरातून पुरी होते.

मामांच्या माजघरातील बटण न्यूट्रलमध्ये होते. ते तेथे बसविले होते मी.

तेव्हा मी शाळेत होतो. जुने बटण दाराआड होते, ते झोपाळ्याजवळ हवे अशी मामींची इच्छा. मी मोठ्या उत्साहाने पट्टी उघडली. आत दोन तारा होत्या. दोन्हींचे वेष्टण काळवंडून एकसारखे झालेले. मी हाताला आली ती तार तोडली, तिच्यात बटण बसविले आणि मेन चालू केले. दिवा लागला. बंद केला, विझला. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, मामींनी हातावर लाडू ठेवला. दिवा लागतो, याहून अधिक पुरावा कोणाला हवा होता? तो लाडू पुढे कित्येक वर्षांनी मामांच्या मनगटाला भोवला. म्हणून आजच्या व्याख्यानातील एकच वाक्य लक्षात ठेवावयाचे झाले तर हे ठेवा : दिवा लागतो हा जोडणी बरोबर असल्याचा पुरावा नव्हे.

असो. आता दोषाचा शोध कसा घ्यावा ते पाहू. चांगला वैद्य नाडीला हात लावण्यापूर्वी चार प्रश्न विचारतो. वायरमननेही पकड हाती घेण्यापूर्वी तेच करावे. पहिला प्रश्न : गल्लीत वीज आहे का? नसेल, तर दोष आपल्या घरात नाही. आपण १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि स्वस्थ बसावे. खांबाशी किंवा मीटरच्या अलीकडील तारेशी आपला काही संबंध नाही. दुसरा प्रश्न : सबंध घर अंधारात आहे की काही खोल्याच? काही खोल्याच असतील, तर त्या खोल्यांचा फ्यूज किंवा एमसीबी पाहावी. तिसरा प्रश्न : एकच दिवा जात असेल, तर तोच बल्ब दुसऱ्या चांगल्या होल्डरमध्ये लागतो का? लागत असेल, तर बल्ब निर्दोष आहे आणि दोष होल्डर, सीलिंग रोज, बटण किंवा यांमधील तारेत आहे. चौथा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो : दिवा केव्हा जातो? पाऊस पडला की? वारा सुटला की? पाण्याचा पंप सुरू केला की? माळ्यावर कोणी चालले की?

या शेवटच्या प्रश्नाची उत्तरे फार बोलकी असतात. पंप सुरू होताच सगळे दिवे क्षणभर मंद होत असतील, तर भार पेलताना दाब कमी पडतो आहे. तार बारीक आहे किंवा मेनजवळचा एखादा स्क्रू सैल आहे. पावसातच दिवा जात असेल किंवा ट्रिप होत असेल, तर भिंतीत ओल शिरली आहे. आणि तीन फेजचे कनेक्शन असलेल्या इमारतीत एका खोलीतील दिवे एकाएकी प्रखर झाले आणि दुसऱ्या खोलीतील मंद झाले, तर क्षणाचाही विलंब न लावता मेन बंद करावे. ही न्यूट्रल तुटल्याची खूण आहे. अशा वेळी एखाद्या खोलीत २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब जाऊ शकतो, आणि दूरदर्शन संच, शीतकपाट, पंखे एका रात्रीत जळतात.

मामांच्या माजघरातील उत्तर होते : माळ्यावर कोणी चालले की. अपघातानंतर आम्ही जाणत्या वायरमनला बोलाविले. त्याने येताच हा प्रश्न विचारला. मामीच म्हणाल्या, "वर धान्य काढायला गेलं की दिवा जातो खरा." तुळईला ठोकलेल्या लाकडी ठोकळ्यावर सीलिंग रोज होता. वायरमनने त्याचे झाकण काढले, तर आतील एका तारेचा स्क्रू सैल पडलेला आणि त्याच्याभोवतीचे लाकूड कोळशासारखे झालेले. वर पाऊल पडले की तुळई हले, तार क्षणभर सुटे, ठिणगी पडे आणि दिवा जाई. बल्ब तीनदा बदलला, पण हा स्क्रू कोणी एकदाही पाहिला नाही. आजार पोटात आणि लेप डोक्याला, अशातला प्रकार.

सैल स्क्रू ही क्षुल्लक बाब वाटते. म्हणून थोडा हिशेब करू. ६० वॅटचा बल्ब सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेतो. एवढ्याने सैल सांधा फारसा तापत नाही. परंतु जुन्या वाड्यांत एका रोजमधून पुढच्या दोन-तीन जागांना तार गेलेली असते, आणि त्यांतल्या एखाद्या जागी १,००० वॅटची इस्त्री लावली जाते. इस्त्री चार अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेते. सैल सांध्याचा रोध दोन ओहम जरी असला, तरी तेथे पस्तीसहून अधिक वॅट उष्णता निर्माण होते. कारण प्रवाहाचा वर्ग केला आणि त्याला रोधाने गुणले, की उष्णता मिळते. पस्तीस वॅट म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता. शंभर वर्षे वाळलेल्या सागवानाला रोज एक तापलेले सोल्डरिंग आयर्न टेकवून ठेवण्यासारखे हे आहे. पूर्वी तांब्याच्या टंचाईमुळे पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. त्यांच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू सरकते, त्यामुळे घट्ट आवळलेला स्क्रूही काही वर्षांनी सैल होतो. ज्यांच्या घरी अशा तारा आहेत त्यांनी सांधे वेळोवेळी तपासून घ्यावेत आणि ऐपत झाली की तारा बदलाव्यात.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, मग फ्यूज कशासाठी आहे? तो उडाला का नाही? हा प्रश्न योग्य आहे. सैल सांध्याने प्रवाह वाढत नाही, म्हणून फ्यूजला त्याचा पत्ताच लागत नाही. शिवाय मामांच्या किटकॅटमध्ये फ्यूजची बारीक तार नव्हतीच. वारंवार उडतो म्हणून कोणीतरी वायरीतले जाड तांबे पिळून घातले होते. कुत्रा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधून ठेवावे आणि चोर आला तेव्हा कुत्र्याला दोष द्यावा, तसे हे आहे. फ्यूज उडतो तो काही तरी सांगत असतो. त्याचे ऐकावे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूज किंवा एमसीबी घराच्या तारांचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. ओल्या हाताच्या माणसाच्या शरीरातून जाणारा सुमारे ५० मिलिअँपिअर प्रवाह काही क्षण छातीतून गेला, तर हृदयाचा ठोका बिघडून मृत्यू येऊ शकतो. ५ अँपिअरचा फ्यूज याच्या शंभरपट प्रवाह निमूटपणे जाऊ देतो. माणूस मरेल, पण फ्यूज जागचा हलणार नाही. माणसासाठी वेगळे साधन असते. त्याला बोलीत ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. ते फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह यांचा हिशेब क्षणोक्षणी ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे तेवढी वीज भलत्याच वाटेने, कदाचित माणसातून, जमिनीत जात आहे असे समजून ते सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडते. त्याच्यावर एक लहानसे चाचणीचे बटण असते, ते अधूनमधून दाबून ते खटकन पडते की नाही पाहावे. तेही सर्वज्ञ नाही. कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर जमा-खर्च बरोबर जुळतो आणि त्याला काही कळत नाही. तरीही घरात एकच नवी वस्तू घेणे शक्य असेल, तर मी हीच घ्यावयास सांगेन. त्याच्या जोडीला अर्थिंग हवे. हिरवी तार केवळ शोभेची नसते. लोखंडी पंखा, शेगडी, गीझर यांच्या अंगावर चुकून वीज आली, तर तिला जमिनीत जाण्याची वाट ती देते.

आता प्रत्यक्ष हात घालावयाचा असेल, तर पाळावयाचा क्रम सांगतो. आधी मेन बंद करावे. केवळ बटण नव्हे. बटणाचा विश्वास का धरू नये ते मी माझ्याच उदाहरणाने सांगितले. घरातील सर्वांना तसे सांगावे आणि मेनजवळ कोणाला तरी उभे करावे. मग टेस्टर आधी एखाद्या ठिकाणी, जेथे वीज आहे हे ठाऊक आहे, लावून पाहिलेला असावा. त्यानंतर तो कामाच्या जागी लावावा, आणि नंतर पुन्हा वीज असलेल्या जागी लावावा. मधल्या काळात टेस्टरच बिघडला नाही ना, याची ही खात्री. टेस्टर हा सोबती चांगला, पण साक्षीदार अपुरा. तो फेज दाखवितो, न्यूट्रल शाबूत आहे की नाही हे दाखवीत नाही. टेस्टर पेटतो पण बल्ब लागत नाही, असे झाले तर परतीची वाट तुटली आहे, असे समजावे. जाणता वायरमन म्हणूनच टेस्टरबरोबर दोन तारांचा टेस्ट लॅम्प बाळगतो.

बिघाडाची ठिकाणे थोडी आणि ठरलेली असतात. होल्डरमधील पिनांची स्प्रिंग उष्णतेने मऊ पडते आणि पिन बल्बला टेकत नाही. रोजमधील स्क्रू सैल होतो. बटणातील पितळी पट्टी ठिणग्यांनी काळवंडते. बटण दाबताना चरचर आवाज आला, तर ते बदलण्याची वेळ झाली. पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा पट्टीच्या आड लपलेला असतो. चोक-स्टार्टरची जुनी ट्यूब दोन्ही टोकांना नुसती तांबूस राहिली तर बहुधा स्टार्टर अडकलेला असतो, आणि टोके काळी झाली तर ट्यूब म्हातारी झालेली असते. एलईडीच्या दिव्यात आत एक छोटे यंत्र असते, ते विजेचे रूप बदलते. ठरावीक अंतराने उघडझाप करणारा एलईडी बहुधा त्याच यंत्राने मार खाल्ला असल्याचे सांगतो. आणि बटण बंद केल्यावरही एलईडी रात्री मंदसा चमकत राहिला, तर त्याला भुताटकी समजू नये. बटणात लहानसा तांबडा दिवा असेल, तर त्याच्यामुळे असे होऊ शकते. तसा दिवा नसेल, तर बटण न्यूट्रलमध्ये तर नाही ना, हे परवानाधारक वायरमनकडून अवश्य पाहून घ्यावे. आमच्या काळी एलईडी असता, तर माझी चूक त्याने पहिल्याच रात्री उघडी पाडली असती.

या ठिकाणी एक निराळी गोष्ट सांगाविशी वाटते. आपल्या तालुक्यात चाकणला कारखाने उभे राहिले. आपली मुले तेथे कामाला जातात आणि दूरदूरचे तरुण आपल्या गावात खोल्या घेऊन राहतात. या कारखान्यांतील शिस्त विचारा त्यांना. यंत्राला हात लावण्यापूर्वी कामगार त्याचा स्विच बंद करतो, त्याला स्वतःचे कुलूप घालतो, त्यावर आपल्या नावाची पाटी अडकवितो आणि किल्ली खिशात ठेवतो. तो ती काढीपर्यंत व्यवस्थापकालाही यंत्र चालू करता येत नाही. आणि तोच कामगार संध्याकाळी खोलीवर येतो, जेथे एका सॉकेटवर तिघांचे मोबाईल, शेगडी आणि पंखा लोंबत असतो, नि मेन चालू ठेवून ओल्या पायांनी स्टुलावर चढतो! कारखान्यात त्याच्या जिवाची जी किंमत धरली जाते, ती घरी कमी का व्हावी? खोल्या भाड्याने देणाऱ्यांना माझी विनंती आहे की, प्रत्येक खोलीला वेगळी एमसीबी आणि मजल्याला एक ईएलसीबी द्यावी. एका महिन्याच्या भाड्याहून तो खर्च फार नसतो. आणि खोलीत राहणाऱ्यांना विनंती अशी की, कारखान्यातील कुलूप घरी येत नसले, तरी कारखान्यातील सवय घरी आणावी.

कोठे थांबावे हेही कळले पाहिजे. बल्ब बदलणे, स्टार्टर फिरविणे, पडलेली एमसीबी एकदा वर करणे, इतके आपण करावे. तीच एमसीबी पुन्हा पडली, तर तिच्याशी कुस्ती खेळू नये. जळका वास, भिंतीला किंवा नळाला मुंग्या येणे, काळवंडलेले लाकूड यांपैकी काही आढळले, तर मेन बंद करून परवानाधारक माणसास बोलवावे. आणि दुर्दैवाने कोणी विजेला चिकटलेला दिसला, तर मायेने धावून त्याचा हात ओढू नये, नाहीतर एकाचे दोन होतील. आधी मेन बंद करावे. मेन जवळ नसेल, तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे. श्वास थांबला असेल, तर एकाने १०८ ला दूरध्वनी करावा आणि दुसऱ्याने रुग्णवाहिका येईपर्यंत छातीवर दाब देत राहावे.

मामांचे मनगट बरे झाले, पण पुढे पावसाळ्यात ते दुखत असे. ते दुखू लागले की मामा माझ्याकडे पाहून हसत. त्यांनी मला कधी एक अक्षरानेही दोष दिला नाही. त्या वायरमनने मात्र मला जवळ बोलाविले, माझ्या हाती टेस्टर दिला आणि म्हणाला, "आता ते बटण तूच बदल. मी बघतो." मी मेन बंद केले, तारा ओळखल्या, फेजवर तांबडी पट्टी गुंडाळली, बटण तिच्यात बसविले. दिवा लागला. या वेळी लाडू मिळाला नाही. पण बटण बंद करून वायरमनने होल्डरच्या पिनेला टेस्टर लावला, तो पेटला नाही, आणि त्याने मान हलविली. मला वाटते, माझ्या आयुष्यातील ती पहिली खरी परीक्षा होती.

आज रात्री घरी गेल्यावर आपण सर्वांनी एवढेच करावे. आपल्या घरातील मेन स्विच कोठे आहे ते मुलांना दाखवावे, आणि तो काळोखात कसा सापडेल ते त्यांच्याकडून एकदा करवून घ्यावे. तेवढे केलेत, तर माझे आजचे बोलणे सार्थकी लागले, असे मी समजेन.